हाकेपुरती जाग

विडी घरकुलात, राजमणी चिट्यालच्या पत्र्यावर
मी बसवलेली डबी: नंबर सतरा.
साबणाच्या वडीएवढी. आत दोन सेल, एक घड्याळ
आणि झोपण्याची विद्या.

हो, विद्याच म्हणते.
बोलायला फार लागत नाही या डब्यांना,
खर्च होतो तो ऐकण्यात.
कुणी हाक मारील म्हणून कान उघडा ठेवून बसण्यात
सेल संपतो.
म्हणून आठ सेकंद मेल्यासारखं निजायचं,
पापणी लवेल तेवढं जागं व्हायचं,
कुणी आहे का? नाही.
पुन्हा नीज.
पाइपात पाणी चढलं की एक डबी शेजारणीला सांगते,
शेजारीण पुढच्या गच्चीला,
असं सदतीस छपरांचं जाळं
चावीवाल्याच्या खोलीपर्यंत.
कागदावर तीन वर्षं.

सतरा नंबर दहा महिन्यांत गेली.

मे महिना. शिडी हाताला चटका देते.
खाली राजमणी सुपात पानं घेऊन बसलेली,
कात्री थांबत नाही.
"तीन वर्सं म्हनलीस की गं?"
तिच्या मराठीला तेलुगूची किनार,
चादरीला असते तशी, वेगळ्या रंगाची आणि पक्की.

मी लॅपटॉप उघडते.
त्रेचाळीस अंशांत पत्रा भाजतो, घड्याळं सरकतात,
बावीस नंबर हाक मारते तेव्हा सतरा झोपलेली,
सतरा उठते तेव्हा बावीस दमून गप्प.
नोंदीत ओळीमागून ओळ तेवढंच:
पुन्हा. पुन्हा. पुन्हा.

"पाणी पाचव्या दिवशी, तेही रात्री कधीही,
तुम्हाला जाग कशी येते हो?"

ती दोरा दातानं तोडते.
नळ उघडाच ठेवायचा. खाली उपडं पातेलं.
पाण्याआधी वारा येतो नळातनं,
फुस्स, फुस्स, बराच वेळ.
वाऱ्याला उठायचं.
पाण्याला उठलं की उशीर झाला.

केगावच्या कॉलेजात हे सूत्रासकट शिकवलं होतं.
पासही झाले होते मी.
हाकेआधी लांब वारा सोडायचा,
समोरच्याच्या एका डुलकीहून लांब,
म्हणजे तो केव्हाही उठो, वारा चालूच असेल.
हाक मारणाऱ्याचा सेल थोडा जास्त जळेल.
जळू दे.

एवढ्यानं भागत नव्हतं, तेही सांगितलं तिला.
ही डबी चावीवाल्याला सगळ्यात जवळची,
छत्तीस छपरांचे निरोप हिच्यातूनच जातात.
स्वतःचं एक वाक्य, बाकी दिवसभर दुसऱ्यांचं.
जवळ असेल त्याचा सेल आधी जातो, मावशी.

कात्री तेव्हा पहिल्यांदा थांबली.
गल्लीत पहिला नळ राजमणीचा.
बावीस वर्षं तीच दारोदार ओरडत जाते,
नीळ्ळु वच्चिनै! नीळ्ळु!
आणि मग उरलेल्या रात्रीत
हजारातल्या राहिलेल्या विड्या.

"हिच्या बाजूला आनखी एक लाव," ती म्हणाली.
"यादगिरीच्या कारखान्यावर. आळीपाळीनं उठतील."
लावली. अडतीस नंबर.
खाली मागांची खटखट, म्हणून स्क्रू दुप्पट.

शुक्रवारी पहाटे तीन बाराला पाणी आलं.
निरोप अडतीसनं नेला.
सतरा तेवढी आठ सेकंदांनी पापणी हलवत राहिली, बस.

सकाळी गेले तर भाकरीवर शेंगाचटणी ठेवून ताट पुढे केलं.
काल हाक यादगिरीच्या सुनेनं मारली म्हणे.

"मग झोप झाली असेल तुमची?"

"छे गं.
वारा आला तशी उठलेच.
पडून राहिले,
दुसऱ्या कुनाची हाक कशी येते
ते ऐकत."